नव्या मॉनिटरवरचा हिरवा ठिपका: दाबण्याआधी हे वाचा

प्रश्न असा आहे: "मालवणात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या फोटोंच्या कामासाठी ऑनलाइन २७ इंची, २५६० बाय १४४० चा आयपीएस मॉनिटर मागवला. येऊन चार दिवस झाले. स्क्रीनच्या मध्याच्या जरा उजवीकडे एक बारीक हिरवा ठिपका सतत पेटलेला असतो, काळ्या फोटोवर तर तो डोळ्यांत खुपतो. शेजारचा मुलगा म्हणतो, 'दाबान बघ, जातलो.' दुसरा म्हणतो, पावसाळी हवा आहे, सुकला की आपोआप जाईल. कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगतात, एक ठिपका दोषात धरत नाहीत. परत करू, दुरुस्त करू, की तसाच वापरू?"

सगळ्यात आधी ऑर्डरचं पान उघडा आणि रिटर्न किंवा रिप्लेसमेंटची शेवटची तारीख कुठली ते बघा. बाकी सगळं त्यानंतर. अशा मालाला बहुतेक ठिकाणी सात ते दहा दिवसांचीच मुदत मिळते आणि तुमचे चार गेले. ठिपका पुढच्या महिन्यातही तिथेच असेल, मुदत मात्र नसेल. कुडाळला माझ्या दुकानात असे जे मॉनिटर येतात, त्यांतले बहुतेक मुदत संपल्यावर येतात. "जाईल म्हणून वाट बघितली" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, आणि नवीन वस्तू घेतलेल्या माणसाला ते सांगताना मला वाईट वाटतं. म्हणून हे उत्तर जरा लांबवून लिहितो.

आता तो ठिपका नक्की काय आहे ते ठरवू. काचेवरचा कण असेल तर मायक्रोफायबरच्या किंचित ओलसर कपड्याने निघेल, तो विषय तिथेच संपला. नाही निघाला तर स्क्रीनशॉट घेऊन मोबाईलवर पाठवा. मोबाईलवरही ठिपका दिसला तर दोष फाइलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, पॅनेलमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्यात, नाही. मोबाईलवर दिसला नाही तर मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा आणि जमलं तर तो ठिपक्यावर येईल असा सरकवा. हा मेनू कॉम्प्युटर पाठवत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. मेनूच्या अंगातूनही ठिपका चमकत असेल तर दोष पॅनेलचाच. केबलवर संशय घेऊ नका. खराब केबलने ठिपके पडतात, पण ते चमचमतात, जागा बदलतात. एकाच जागी ठाण मांडून बसलेला ठिपका केबलचा नसतो.

मग रंगांची परीक्षा. पेंट उघडून पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा आणि पांढरा अशी पाच चित्रं करा आणि एकेक पूर्ण स्क्रीनवर लावा. रेझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवा. पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरच्या चित्राचा सगळ्यात बारीक ठिपका. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात, त्यांना सबपिक्सेल म्हणतात. तुमच्या ठिपक्यातली फक्त हिरवी पट्टी चालू अवस्थेत अडकली असेल तर काळ्यावर तो हिरवा दिसेल, लाल पडद्यावर पिवळसर, निळ्यावर आकाशी, आणि हिरव्यावर व पांढऱ्यावर दिसणारच नाही, कारण तिथे हिरवी पट्टी पेटलेलीच असायला हवी. हे सगळं जुळलं तर तो स्टक पिक्सेल, काटेकोर सांगायचं तर स्टक सबपिक्सेल. पांढऱ्यावरही तो हिरवाच दिसत असेल तर त्याच पिक्सेलमधल्या लाल आणि निळ्या पट्ट्या मेलेल्या आहेत. पांढऱ्यावर काळा दिसणारा ठिपका म्हणजे डेड पिक्सेल, आणि तो बहुधा कायमचा. प्रत्येक रंगावर काय दिसलं ते लिहून ठेवा. रिटर्नच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो.

घरात घड्याळजीचं भिंग असेल तर एकदा त्यातून बघाच. काळ्या पडद्यावर भिंग टेकवलं की सगळीकडे अंधार आणि मधे एकच उभी हिरवी फीत दिसते, कडा अगदी कापल्यासारख्या धारदार. तुमच्या मॉनिटरवर एक पिक्सेल साधारण ०.२३ मिलिमीटरचा आहे आणि ही फीत रुंदीने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. इतकी बारीक गोष्ट दोन हातांवरून खुपते याचं कारण तिचा रंग. माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो, निळा सगळ्यात कमी. याच जागी निळी पट्टी अडकली असती तर कदाचित महिनाभर तुमच्या लक्षातही आलं नसतं.

भिंगाचा आग्रह धरण्याचं दुसरंही कारण आहे, आणि ते आपल्या किनारपट्टीचं आहे. पहिला पाऊस पडला की दिव्यावर पाखरं येतात हे आपल्याला सांगायला नको. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद आणि मॉनिटर चालू असला की तोच त्यांचा दिवा होतो. त्यातली अगदी बारीक चिलटं मागच्या जाळीतून किंवा कडेच्या फटीतून आत शिरतात आणि पॅनेलच्या मागे, प्रकाश पसरवणाऱ्या डिफ्यूझरच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात. समोरून बघणाऱ्याला तो काळा किंवा करडा ठिपका दिसतो आणि तो "पिक्सेल गेला" म्हणून घाबरतो. जून-जुलैत दुकानात येणाऱ्या काळ्या ठिपक्यांचं पहिलं निदान मी हेच धरून चालतो. तुमचा ठिपका हिरवा आणि पेटलेला आहे, त्यामुळे तो किडा नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचा काळा असेल तर त्यांनी हे नीट तपासावं.

पांढऱ्या पडद्यावर भिंगातून बघितलं तर मेलेल्या पिक्सेलच्या कडा चौकोनी आणि धारदार दिसतात. किड्याची आकृती वेडीवाकडी असते, चार-पाच पट्ट्यांवर पसरलेली आणि जराशी धूसर, कारण तो पट्ट्यांच्या पातळीत नसतो, मागे असतो. डोकं डावीकडे-उजवीकडे केलं की पट्ट्यांच्या जाळीच्या मानाने तो किंचित सरकतो. पिक्सेल असा कधीच सरकत नाही. बारीक बघितलं तर कधी कधी पायही दिसतात. जिवंत असेल तर मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा आणि मॉनिटरच्या कडेला, फटीच्या बाहेर, एक टेबललॅम्प लावून ठेवा. उजेडाकडे आलेला किडा उजेडाकडेच बाहेर जातो. रात्रभर वेळ द्या. मात्र त्याला बोटाने दाबू नका. दाबलात तर तो तिथेच चिरडून चिकटतो आणि मग पॅनेल उघडून पापुद्रे वेगळे केल्याशिवाय निघत नाही. ते काम नाजूक आहे, त्यात नवीन धूळ शिरते, आणि बहुतेक वॉरंटींत किड्यामुळे झालेला बिघाड धरत नाहीत.

आता "सुकला की जाईल" याबद्दल. हे म्हणणारा माणूस तुमच्या भल्याचंच सांगतो आहे, कारण आपल्याकडे ओलीने खरंच पुष्कळ वस्तू बिघडतात. पण या ठिपक्याचा ओलीशी संबंध नाही. एलसीडी पॅनेल म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रॉनच्या पोकळीत भरलेला लिक्विड क्रिस्टल. काचांच्या चारी कडा कारखान्यातच सील केलेल्या असतात. मालवणची हवा तिथपर्यंत पोचत नाही. खारट दमट हवेचा त्रास होतो तो दुसरीकडे: पॉवर बोर्डावर, कनेक्टरच्या पिनांवर, पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या रिबनच्या जोडांवर. त्यातून उभ्या-आडव्या रेषा येतात, मॉनिटर चालू व्हायला वेळ लावतो, मधेच काळा पडतो. एकटा ठिपका त्यातून येत नाही. तेव्हा मॉनिटर उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, तांदळाच्या पिंपाजवळ ठेवणं यातलं काहीही करू नका. उष्णतेने डिफ्यूझर आणि पोलरायझरचे पापुद्रे वाकतात आणि एका ठिपक्याच्या जागी पूर्ण स्क्रीनवर ढग दिसायला लागतात.

मग तो येतो कुठून? तुमच्या मॉनिटरवर २५६० गुणिले १४४० म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल आहेत. प्रत्येकी तीन पट्ट्या धरल्या तर १,१०,५९,२०० सबपिक्सेल, आणि प्रत्येकामागे काचेवर बसवलेला एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर त्या पट्टीला व्होल्टेज देतो, व्होल्टेजप्रमाणे लिक्विड क्रिस्टल वळतो आणि मागचा उजेड कमी-जास्त पुढे सोडतो. आयपीएस या तुमच्या प्रकारच्या पॅनेलमध्ये व्होल्टेज नसेल तर पट्टी काळी राहते. म्हणून ट्रान्झिस्टर पूर्ण मेला तर काळा ठिपका मिळतो. टीएन या जुन्या प्रकारच्या पॅनेलमध्ये हे उलट असतं, तिथे व्होल्टेज गेलं की पट्टी पेटते. तुमच्या आयपीएसवर पट्टी पेटलेली राहिली आहे, म्हणजे तिथे नको असताना व्होल्टेज पोचतं आहे. बनवताना काचेवर बसलेला एखादा कण, दोन थरांमध्ये झालेला बारीक शॉर्ट, अशी त्याची कारणं. कधी मात्र शॉर्ट नसतो, त्या जागी विद्युतभार साचून राहिलेला असतो किंवा तेवढा क्रिस्टल आळशी झालेला असतो. बाहेरून बघून या दोन गोष्टींतला फरक सांगता येत नाही. शॉर्ट असेल तर दुकानात बसून कोणीही तो काढू शकत नाही, मीही नाही. कारखान्यात लेझरने असा पेटलेला ठिपका कापून काळा करतात, कारण काळा कमी खुपतो. ती सोय आपल्याकडच्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात नाही.

हेल्पलाइनवाल्याने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. पूर्ण खरं सांगितलं नाही, एवढंच. पॅनेलमधल्या दोषांसाठी २००१ पासून आयएसओ १३४०६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक होतं, २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ च्या ३०० क्रमांकाच्या मालिकेने घेतली. त्यात पॅनेलचे वर्ग आहेत आणि बाजारातले बरेच मॉनिटर दुसऱ्या वर्गात मोडतात. या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे कायम पेटलेले दोन, कायम काळे दोन आणि अडकलेले सबपिक्सेल पाच चालतात. तुमच्या मॉनिटरवर पावणेसदतीस लाख पिक्सेल आहेत. म्हणजे या हिशेबाने तुमच्यासारखे अठरा ठिपके असले तरी मॉनिटर "निर्दोष" ठरू शकतो. बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, काही महागड्या मालिकांना तर पेटलेला एकही पिक्सेल निघाला तर बदलून देण्याची हमी असते, डेलची प्रीमियम पॅनेल एक्स्चेंज ही त्यातली माहितीतली. पण ती हमी पेटलेल्या पिक्सेलची असते, काळ्याची नाही. तुमच्या मॉडेलच्या वॉरंटीच्या कागदात पिक्सेलबद्दल काय लिहिलं आहे ते शोधून वाचा. तिथे काही लिहिलेलं नसेल तर वॉरंटी तीन वर्षांची असली तरी या एका ठिपक्यापुरती ती नसल्यातच जमा आहे.

मी सुरुवातीला तारखेवर एवढा जोर दिला तो यासाठीच. वॉरंटी कंपनीकडे असते आणि तिथे मानकाचा हिशेब लागतो. रिटर्न विकणाऱ्याकडे असतो आणि तिथे बहुतेक वेळा "वस्तू सदोष निघाली" एवढं पुराव्यानिशी दाखवणं पुरतं. तुम्ही अजून दुसऱ्या दारात उभे आहात. ते बंद व्हायच्या आत आत शिरा. आजच रिप्लेसमेंटची विनंती नोंदवा, आणि नोंदवल्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पिकअप पुढे चार दिवसांनी आला तरी चालतं, विनंती मुदतीत नोंदलेली असली पाहिजे.

विनंती नोंदवल्यावर, पिकअपची वाट बघताना, एक उपाय जरूर करून बघा, कारण त्याने मॉनिटरवर कसलाही माग राहत नाही. त्या जागी वेगवेगळे रंग फार झपाट्याने बदलत ठेवायचे, म्हणजे अडकलेल्या पट्टीला दर सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद करायचं. हे काम करणारं जेस्क्रीनफिक्स ब्राउझरमध्ये चालतं, काही डाउनलोड करावं लागत नाही. विंडोजवर त्यासाठी यूडीपिक्सेल हा प्रोग्राम आहे. चमचमणारा छोटा चौकोन नेमका ठिपक्यावर ओढून आणा आणि अर्धा तास चालू ठेवा. फरक पडला नाही तर दोन-तीन तास चालू द्या. पूर्ण स्क्रीनवर चमचम लावू नका, आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसू नका. घरात कोणाला फिट येण्याचा त्रास असेल तर हे त्यांच्यासमोर अजिबात चालवू नका, झपाट्याने लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते. विंडोजमध्ये स्क्रीन बंद होण्याची वेळ आधी वाढवून ठेवा, नाहीतर दहा मिनिटांनी स्क्रीनच झोपते आणि तुम्हाला वाटतं उपाय चालला नाही. साचलेल्या विद्युतभाराचा मामला असेल तर ठिपका यात जातो. शॉर्ट असेल तर महिनाभर चमचम केली तरी जाणार नाही. गेला तर लगेच रिटर्न रद्द करू नका. मॉनिटर रात्रभर पूर्ण बंद ठेवा, सकाळी थंड असताना चालू करून काळ्या पडद्यावर पुन्हा बघा. असे गेलेले ठिपके परत येतात, आणि बहुधा सकाळीच येतात.

आता दाबण्याबद्दल. यूट्यूबवर रुमालात पेनाचं टोक धरून ठिपक्यावर दाबणारे व्हिडिओ भरपूर आहेत, आणि काहींचा ठिपका गेल्याचंही दिसतं. जाड काचेच्या जुन्या मॉनिटरांवर हा उपाय कधी कधी लागू पडायचा, हे खरं. आजची पॅनेलं फार पातळ झाली आहेत. दोन काचांमधली ती काही मायक्रॉनची पोकळी बारीक खांबांवर तोललेली असते. बोटाचा जोर तिथे पडला की ते खांब सरकतात किंवा चिरडतात, पापुद्र्यांवर वळ उठतो, आणि हिरव्या ठिपक्याभोवती रुपयाएवढा फिकट डाग तयार होतो. असा डाग घेऊन आलेला मॉनिटर मी लांबून ओळखतो: करड्या पडद्यावर मधे ठिपका तसाच, आणि भोवती अंगठ्याच्या आकाराचं उजळ वर्तुळ. सर्व्हिस सेंटरचा माणूसही तो तितकाच लांबून ओळखतो. मग तो "फिजिकल डॅमेज" लिहितो, आणि तुमचा रिटर्नही गेला, वॉरंटीही गेली. वक्र स्क्रीन असेल तर धोका आणखी वाढतो. ओएलईडी, म्हणजे मागच्या दिव्याशिवाय पिक्सेल स्वतःच पेटणारी स्क्रीन, असेल तर दाबणंही नको आणि चमचमही नको, त्याच्या मेनूत पिक्सेल रिफ्रेश म्हणून सोय असते तीच वापरा. शेजारच्या मुलाला हे प्रेमाने सांगा, पण मॉनिटरजवळ त्याला अंगठा नेऊ देऊ नका.

पुराव्याचं काम नीट करा, कारण बारीक ठिपका फोटोत येत नाही अशी सगळ्यांचीच अडचण असते. तुम्ही स्टुडिओवाले, तुम्हाला मॅक्रो लेन्स आणि ट्रायपॉड सांगायला नको. पडदा काळा ठेवा, खोलीत अंधार करा, फोकस हाताने लावा. एक फोटो पूर्ण मॉनिटरचा घ्या, ज्यात ठिपक्याची जागा कळेल, आणि एक अगदी जवळून, ज्यात हिरवी फीत दिसेल. मग मागच्या लेबलवरच्या सीरियल नंबरपासून पुढच्या ठिपक्यापर्यंत न तोडता घेतलेला एक छोटा व्हिडिओ. स्क्रीनवर पेनाने गोल करू नका, स्टिकर लावू नका. विनंतीत कारण लिहिताना "डिस्प्ले आवडला नाही" असं न लिहिता "नवीन वस्तूत उत्पादनदोष, स्क्रीनच्या मधल्या भागात कायम पेटलेला पिक्सेल, फोटो एडिटिंगच्या कामाला अयोग्य" असं लिहा.

आपल्या भागातली खरी अडचण पुढे येते. घरपोच माल येणाऱ्या प्रत्येक पिनकोडला परत नेणारा माणूस येतोच असं नाही. खाडीपलीकडच्या, डोंगरातल्या गावांना तर हे फार सोसावं लागतं. "तुमच्या भागात पिकअप उपलब्ध नाही, स्वतः पाठवा" असा निरोप आला तर ते लेखी मागा, कुरिअरचा खर्च परत मिळणार का तेही लेखी घ्या, आणि पावती सांभाळा. ऐन पावसात फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली घाटात दरड आली की पार्सलं अडकतात, त्यामुळे उशीर तुमच्यामुळे झाला नाही हे दाखवणारे मेसेज पुसू नका. मॉनिटर त्याच्या मूळ थर्माकोलमध्येच भरा आणि उभाच पाठवा, आडवा नाही. खोक्याला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा. पहिला माल आल्या दिवशी खोका फाडून जाळणारे किंवा थर्माकोल मखराला देणारे लोक मला दर वर्षी भेटतात. तुम्ही तसं केलं नसावं अशी आशा करतो.

विकणारा मुदतीतही ऐकत नसेल तर कायदा तुमच्या बाजूला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्याच वर्षी आलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तुमच्या मनात येईल की आपण तर धंद्यासाठी घेतला, मग आपण ग्राहक कसे? स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण मोठे विक्रेते या तक्रारींना उत्तर देतात. न मिटल्यास तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. माझं मत मात्र स्पष्ट सांगतो: मुदतीत विनंती नोंदवून पुराव्यानिशी नकार मिळाला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. मुदत उलटल्यावर एका ठिपक्यासाठी आयोगाच्या फेऱ्या मारणं तुमच्या वेळेच्या मानाने परवडणार नाही, कारण समोरचा मानकाचा कागद पुढे करणार.

समजा तसाच ठेवायची वेळ आली. मग एक गोष्ट मनातून काढून टाका: तो ठिपका तुमच्या फोटोत नाही. प्रिंटमध्ये, अल्बममध्ये, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर तो कधीच येणार नाही. काळजी फक्त एडिटिंगची. रात्रीच्या रिसेप्शनचे फोटो लांब एक्स्पोजरने काढले की कॅमेऱ्याच्या सेन्सरचेही असेच लाल-हिरवे ठिपके पडतात, आणि ते मात्र प्रिंटमध्ये येतात. दोन्हींतला फरक ओळखायला फोटो जरा बाजूला सरकवा. फोटोबरोबर सरकला तो कॅमेऱ्याचा, जागेवर राहिला तो मॉनिटरचा. घरात दुसरा मॉनिटर असेल तर हा एडिटिंग सॉफ्टवेअरची पॅलेट आणि फोल्डर उघडायला ठेवा, फोटो दुसऱ्यावर बघा. पॅनेल बदलून घेण्याचा विचार करू नका. सुटं पॅनेल आणि मजुरी धरून खर्च जवळजवळ नव्या मॉनिटरएवढा होतो, आणि बदलून आलेल्या पॅनेलवर ठिपका नसेल याची हमी कोणी देत नाही.

पण तुमच्या बाबतीत मी तसाच ठेवा म्हणणार नाही. ठिपका हिरवा आहे, मधल्या भागात आहे, आणि तुमचं काम दिवसभर त्याच जागेकडे बघण्याचं आहे. निळा, कोपऱ्यातला, ऑफिसच्या हिशेबाच्या मॉनिटरवरचा असता तर "राहू द्या, कामाला लागा" असं मी पहिल्या वाक्यात लिहिलं असतं. तुम्ही बदलूनच घ्या.

बदली मॉनिटर आला की पावसात भिजत आलेला खोका लगेच उघडून चालू करू नका. दोन-तीन तास खोलीत उभा राहू द्या, आत दव धरलं असेल तर ते उडू दे. मग तीच पाच रंगांची चित्रं पहिल्याच दिवशी लावा, आणि चारही कोपरे हातभर अंतरावरून बघा. त्याच्याही रिटर्नची मुदत आल्या दिवसापासून मोजतात का, हे विक्रेत्याला विचारून घ्या, काही जण पहिल्याच ऑर्डरची तारीख धरतात. पुढच्या वेळी किनारपट्टीवरच्या कोणाला मॉनिटर घ्यायचा असेल तर मी सावंतवाडी, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, जे जवळ असेल तिथल्या दुकानातून घ्या असंच सांगतो. ऑनलाइनपेक्षा थोडे पैसे जास्त जातील, पण काउंटरवर खोका उघडून पाच रंग लावून बघता येतात आणि ठिपका दिसला तर दुसरा नग तिथेच मिळतो. पैसे देण्याआधी "उघडून दाखवणार का" एवढं विचारा. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आणि खोका मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, जमिनीवर नको. आपल्या पावसात पुठ्ठ्याला आठ दिवसांत वाळवी लागते, आणि वाळवी लागलेल्या खोक्यात भरलेला मॉनिटर कुरिअरवाला उचलत नाही.